कुर्डुवाडीला गाडी बदलताना

माझं माहेर बार्शीचं आणि सासर पुण्याचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली. या चौतीस वर्षांत कुर्डुवाडी जंक्शनच्या फलाटावर मी किती तास काढले असतील, ते मोजायला गेलं तर दिवसच्या दिवस भरतील. म्हणून सोसायटीत कुणाला पंढरपूर, बार्शी, सांगोला अशा वाटेला जायचं झालं की फोन मला येतो. "काकू, थेट गाडीत जागाच नाही. कुर्डुवाडीला उतरलो तर पुढे जमेल का?"

जमतं. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन, लहान मुलांना घेऊन मी कितीतरी वेळा केलंय. फक्त कुर्डुवाडीला वेळ द्यावा लागतो. लोक नेमकी तिथेच कंजुषी करतात आणि मग जंक्शनच्या नावानं बोटं मोडतात. दर वेळी फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा हे एकदा नीट लिहून ठेवते.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई–पुणे–दौंड–सोलापूर ही मोठी लाइन. तिच्यावर पुण्यापासून सुमारे 185 किलोमीटरवर कुर्डुवाडी, आणि तिथून सोलापूर आणखी 80 किलोमीटर. या मोठ्या लाइनला मिरज–लातूर लाइन इथे येऊन छेदते. एकीकडे मोडनिंब, पंढरपूर, सांगोला, जत रोड, कवठे महांकाळ करत मिरज. दुसरीकडे बार्शी, धाराशिव, मुरुड करत लातूर. एका स्टेशनातून चार दिशा. तिकीट काढण्याआधी आपण कुठल्या दिशेनं येणार आणि कुठल्या दिशेला जाणार, हे कागदावर बोटानं आखून बघा. माझ्या आईला मी ताटात चार शेंगदाणे मांडून समजावलं होतं, तेव्हापासून ती कधी गोंधळली नाही.

नावांचे चकवे

मोठी लाइन 1860 साली सोलापूरपर्यंत पोचली. त्या काळी या स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. बार्शी इथून पस्तीसेक किलोमीटर लांब, तरी नाव बार्शीचं. का, तर बार्शीला जायचं असेल तर इथे उतरून पुढचा रस्ता धरायचा. रेल्वेच्या नावात "रोड" असलं की गाव तिथे नाही, गावाचा रस्ता तिथे आहे, एवढं मनात पक्कं करा. जत रोडला उतरलं म्हणजे जतमध्ये उतरलो असं होत नाही.

हे मी इतक्या कळकळीनं सांगते कारण एकदा माझ्या सांगण्यामुळे वहिनीचे हाल झाले. ती हैदराबादकडून लातूरला यायची होती. मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "लातूर रोडचं तिकीट काढ, गावातच उतरशील." लातूर रोड हे वेगळंच जंक्शन आहे, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. दिवेलागणीला ती तिथे उतरली, कडेवर दीड वर्षाचं पोर, आणि जीप मिळेपर्यंत रात्र झाली. लातूर वेगळं, लातूर रोड वेगळं. तसंच बार्शीचं स्टेशन यादीत "बार्शी टाउन" या नावानं शोधायचं. नुसतं बार्शी टाकलं की "बार्शीटाकळी"ही समोर येतं, आणि ते आहे अकोला जिल्ह्यात. उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय. जुन्या वेळापत्रकात, जुन्या तिकिटांवर जुनंच नाव दिसेल, घाबरू नका. आणि कुर्डुवाडी इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे ॲपवर सापडलं नाही तर सरळ कोड टाका: केडब्ल्यूव्ही. पंढरपूरचा कोड पीव्हीआर.

थेट गाडी आहे का, हे आधी बघा

गाडी बदलण्याचा मला अभिमान वगैरे काही नाही. थेट गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. मुंबईहून रात्री निघणारी लातूरची गाडी (काही दिवशी ती बिदरची असते) बार्शीकरांसाठी सोन्यासारखी आहे. झोपून जायचं आणि उजाडायच्या आत माहेरी. पंढरपूरसाठी दादरहून गाडी आहे, ती पुढे मिरजमार्गे साताऱ्यापर्यंत जाते, पण रोज नसते. म्हैसूरहून येणारी गोलगुंबज एक्स्प्रेस सोलापूर–कुर्डुवाडी करत पंढरपूरला पोचते. कोल्हापूरहून नागपूरला आणि धनबादला जाणाऱ्या गाड्या मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर याच वाटेनं जातात. यातल्या काहींना आठवड्यातले ठरावीक वारच आहेत. वार आणि वेळा बदलत राहतात म्हणून इथे लिहीत नाही. निघायच्या आदल्या दिवशी 139 ला फोन करा किंवा रेल्वेच्या ॲपवर बघा. शेजारणीनं मागच्या वर्षी सांगितलेल्या वेळेवर घर सोडू नका.

थेट जमलं नाही तर मोठ्या लाइनवर पर्याय भरपूर आहेत. पुण्याहून संध्याकाळी सहाला हुतात्मा एक्स्प्रेस निघते, सकाळी साडेसहाला ती सोलापूरहून पुण्याकडे येते. दोन्ही वेळा कुर्डुवाडीला थांबते. (गाडीचं नाव ज्यांच्यावरून आहे त्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना, 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. गाडीत बसलेल्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.) मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पहाटे कुर्डुवाडीला येते. फेब्रुवारी 2023 पासून मुंबई–सोलापूर वंदे भारतही इथे थांबते, आठवड्यातले सहा दिवस.

पुढच्या जोडगाडीच्या दृष्टीनं मला विचाराल तर पहाटे किंवा सकाळी कुर्डुवाडीला उतरणं सगळ्यात चांगलं. हातात अख्खा दिवस असतो. एक गाडी हुकली तर दुसरी बघता येते, तीही नसली तर एसटी आहे. रात्री उशिरा उतरणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. संध्याकाळची हुतात्मा पकडून रात्री पुढे पंढरपूरला जाऊ, असा बेत म्हाताऱ्या माणसांना घेऊन अजिबात करू नका.

तिकीट

आरक्षण नको असेल तर पुणे ते पंढरपूर असं एकच सलग तिकीट मागा. कुर्डुवाडीला उतरून पुन्हा खिडकीवर रांग लावायची गरज नाही, आणि दोन तुकड्यांपेक्षा ते स्वस्तही पडतं. मात्र तिकीट कुठल्या गाडीचं आहे हे बघा. पॅसेंजरच्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये बसता येत नाही, आणि साध्या एक्स्प्रेसच्या तिकिटावर सुपरफास्टमध्ये बसायचं तर वरचा आकार भरावा लागतो. साध्या दुसऱ्या वर्गाला तो 15 रुपये आहे. गाडीचा नंबर 12 किंवा 22 ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट समजा. खिडकीवर "हुतात्मानं जाणार, पुढे पंढरपूर" असं पूर्ण वाक्य बोललं की बाबू बरोबर तिकीट देतो. वंदे भारतला बिनआरक्षणाचा डबाच नाही, तिथे हा हिशेब चालत नाही.

दोन्ही गाड्यांचं आरक्षण असेल तर एक गोष्ट जरूर करा, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. दोन्ही तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. एप्रिल 2019 पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी हुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. अट अशी की दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तीच हवीत आणि पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू व्हायला हवं. खिडकीवरून काढलेलं तिकीट असेल तर पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत ते खिडकीवर परत द्यायचं. ऑनलाइन तिकिटाला टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा.

तारखेचा घोळही इथेच होतो. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी कुर्डुवाडीला येते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे तारीख पुढची. पुण्यात मध्यरात्रीनंतर चढणाऱ्यांचंही तसंच. मंगळवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं आणि गाडी साडेबाराला, तर तिकीट बुधवारचं हवं. मी कॅलेंडरवर दोन्ही चौकोनांना मिळून एक लाल रेघ मारते आणि त्या रेघेवर वेळ लिहिते.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली. अजूनही बरेच आजोबा खिडकीवर आधार कार्ड पुढे करून वाद घालतात. बाबूच्या हातात काही नसतं. आरक्षण करताना वय बरोबर टाका, खालचा बर्थ मिळायला त्याचा उपयोग होतो.

मध्ये किती वेळ ठेवायचा

दोन तास. दिवसा दोन तास, त्याहून कमी नाही.

लोकांना हे फार वाटतं. वेळापत्रकात एक गाडी पोचते आणि पंचवीस मिनिटांनी दुसरी सुटते, असं दिसलं की ते हरखून जातात. मीही हरखले होते. सात-आठ वर्षांपूर्वी आप्पांना आणि आईला घेऊन पंढरपूरला निघाले होते, मध्ये वीस मिनिटं ठेवून. आमची गाडी स्टेशनच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली. आप्पा खिडकीशी बसलेले. त्यांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, पट्ट्याची बाजू खाली, काचेची वर. काही बोलले नाहीत. दर दोन मिनिटांनी बोटानं काच पुसायचे. गाडी आत आली तेव्हा पंढरपूरची गाडी जाऊन दहा मिनिटं झाली होती. आप्पांनी घड्याळ हाताला बांधलं आणि मला म्हणाले, "पोरी, विठ्ठलाला वीस मिनिटांत गाठतात का कुणी?" आम्ही एसटीनं गेलो. त्यांचे गुडघे दुखत होते आणि त्या दिवशी एसटीत उभं राहायला लागलं. बेत माझा होता. तेव्हापासून दोन तास.

यामागचं कारणही समजून घ्या. मोठ्या लाइनवर आता दुहेरी रूळ आहेत, वीज आहे, गाड्यांची ये-जा सतत चालू असते. मिरज–लातूर लाइन एकेरी. एकेरी रुळावर समोरून गाडी येत असली की एकीला स्टेशनात थांबून राहावं लागतं. यालाच क्रॉसिंग म्हणतात. म्हणून त्या लाइनवर एका गाडीचा उशीर दुसरीच्या अंगावर येतो. शिवाय तिथे दिवसातून गाड्याच मोजक्या. मोठ्या लाइनवरची गाडी चुकली तर थोड्या वेळानं दुसरी आहे, या लाइनवरची चुकली तर अर्धा दिवस जातो. परतीला मात्र जरा सैल राहिलं तरी चालतं, कारण तेव्हा आपण छोट्या लाइनवरून मोठ्या लाइनवर येत असतो.

उतरायची तयारी

पुण्याकडून येताना भिगवण सुटलं की उजनीचं पाणी दिसतं. थंडीत रोहित पक्षी दिसले तर मुलांना उठवून दाखवा. पण सामान आवरायची खूण ती नाही. जिंती रोड, पारेवाडी, जेऊर जाऊ द्या. खूण आहे केम. कुंकवासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. माझी आत्या केमचं कुंकू सोडून दुसरं लावायची नाही. जलद गाड्या केमला थांबत नाहीत, तेव्हा पाटीवर लक्ष ठेवा. केम गेलं की चपला घाला, बॅगा दाराजवळ घ्या, म्हाताऱ्या माणसांना आधी उठवा. नंतर मध्ये ढवळस लागतं आणि मग कुर्डुवाडीच. आमच्या घरात पुण्याहून येणारा माणूस "केम गेलं" एवढाच निरोप फोनवर टाकतो, बाकी काही लिहावं लागत नाही.

सोलापूरकडून येत असाल तर माढा आणि मग वडशिंगे ही खूण. पंढरपूरकडून मोडनिंब. बार्शीकडून शेंद्री. रात्री पाटी दिसत नाही, तेव्हा फोनवर गाडी कुठवर आलीय ते बघून त्याप्रमाणे गजर लावा. ठरलेल्या वेळेचा गजर लावला आणि गाडी तास-दीड तास मागे असली तर उगाच जागरण होतं.

फलाटावर

उतरलात की लगेच जिना चढू नका. गर्दीतले बहुतेक लोक गावातले असतात, ते घरी चाललेले असतात. त्यांच्यामागे जायचं कारण नाही. बाकावर बसा, पाणी प्या, गर्दी ओसरू द्या. मग चौकशीला जा.

आणि विचारायचं कसं, तेही सांगते. "पंढरपूर गाडी कधी?" असं विचारलं की वेळापत्रकातली वेळ सांगतात, ती तर तुम्हालाही ठाऊक असते. विचारा, "पंढरपूरची पुढची गाडी आत्ता कुठवर आलीय, आणि कोणत्या फलाटावर घेणार आहेत?" ती मिरजेकडे जाणारी असेल तर बार्शी किंवा शेंद्री असं काहीतरी उत्तर येईल, आणि त्यावरून तुम्हालाच अंदाज येईल. गाडी कुर्डुवाडीतूनच सुटणारी असेल तर रेक, म्हणजे गाडीचे डबे, फलाटाला लागलाय का ते विचारा. हाच प्रश्न गाडीच्या वीस मिनिटं आधी पुन्हा विचारा. फलाट आयत्या वेळी बदलू शकतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना दोनदा चढायला लावणं हे पाप आहे. चहाच्या स्टॉलवालेही नेमकं सांगतात, कारण त्यांना आपल्या केटल्या घेऊन तिथेच जायचं असतं. मी दोन्हीकडे विचारते. उत्तरं जुळली तरच आईला उठवते.

ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी चाकाची खुर्ची लागणार असेल तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात आधीच सांगून ठेवा. गाडी आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

गाडीच्या नंबरावरून दिशा ओळखायची एक युक्ती माझ्या भावानं शिकवली. मोठ्या लाइनवर मुंबई-पुण्याहून निघालेल्या आपल्या मध्य रेल्वेच्या गाड्यांचा शेवटचा आकडा विषम असतो आणि परतीचा सम. हुतात्मा सोलापूरकडे जाताना 12157, पुण्याकडे येताना 12158. सिद्धेश्वर 12115 आणि 12116. वंदे भारत 22225 आणि 22226. घोषणा नीट ऐकू आली नाही, फक्त शेवटचा आकडा कानावर पडला, तरी कुठल्या दिशेची गाडी आहे हे कळतं. दुसऱ्या रेल्वेच्या गाड्यांना हा हिशेब लावू नका. गोलगुंबज विषम नंबरानं पंढरपूरकडे येते.

आणखी एका गोष्टीनं नवीन माणूस घाबरतो. गाडीत बसलेले असता, इंजिन सुटून निघून जातं, आणि थोड्या वेळानं गाडी आली त्याच दिशेला चालू लागते. आमच्या शेजारच्या काकांनी साखळी ओढायला हात वर केला होता! काही बिघडलेलं नसतं. पंढरपूरचा फाटा मोठ्या लाइनला स्टेशनच्या एका टोकाला येऊन मिळतो. पुण्याकडून पंढरपूरला जाणारी गाडी आणि सोलापूरकडून पंढरपूरला जाणारी गाडी या दोघींना एकाच टोकानं बाहेर पडायचंय, म्हणजे त्यातल्या एकीला तोंड फिरवावंच लागणार. तेवढ्यासाठी इंजिन दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं. ज्याला उलटं बसल्यावर मळमळतं त्यानं समोरच्या माणसाशी जागा बदलून घ्यावी, एवढंच.

फलाटावर वेळ असेल तेव्हा मी मुलांना एक गोष्ट सांगायची, ती इथेही सांगते. या मिरज–लातूर लाइनवर पूर्वी छोटी गाडी चालायची. रूळ जेमतेम अडीच फुटांचे, 762 मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती बांधली, बार्शी लाइट रेल्वे. 1897 मध्ये इथून बार्शी, 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. 1954 मध्ये ती सरकारनं घेतली आणि आता अलीकडे टप्प्याटप्प्यानं तिचं ब्रॉडगेज झालं. माझ्या लहानपणी कोळशाचं इंजिन होतं. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत शिरलं की सगळंच आपल्या मापाचं वाटायचं: बाक आखूड, खिडकी खाली, समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना टेकलेले. आई आमच्या डोक्याला ओढणी बांधायची, तरी बार्शीला उतरल्यावर परकराच्या घडीतून कोळशाची बारीक कच निघायची. आजी ती चिमटीत धरून दाखवायची आणि म्हणायची, "बघ, कुर्डुवाडी आणलीस."

एसटी हाताशी ठेवा

गाडी चुकली किंवा फारच मागे असली तर हट्ट धरून बसू नका. कुर्डुवाडीला एसटीचं स्टँड आहे. पंढरपूर, बार्शी, टेंभुर्णी या बाजूंना गाड्या मिळतात. पंढरपूर पन्नासेक किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना तर त्याआधीपासूनच प्रवास फुकट आहे, त्यासाठी वयाचा पुरावा जवळ ठेवा. आई आणि मी दोघीच असलो तर कधी कधी आम्ही हिशेबानंच एसटी घेतो. पण आप्पा बरोबर असले की गाडीच, कारण गाडीत उठून पाय मोकळे करता येतात आणि संडास असतो. म्हाताऱ्या माणसाच्या प्रवासात हे दोनच प्रश्न महत्त्वाचे असतात, आणि ते कुणी आपणहून बोलत नाही. तुम्ही विचारा.

खाण्याचं घरूनच आणा. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर एक कांदा. दोन दिवस काही होत नाही. पाणी जास्त घ्या.

वारीचे दिवस

आषाढी-कार्तिकीला वरचं बरंच काही बदलतं. पंढरपूरसाठी जादा गाड्या सोडतात, त्यातल्या कितीतरी बिनआरक्षणाच्या असतात, आणि त्यांच्या वेळा वारीआधी थोडे दिवस जाहीर होतात. नेहमीच्या वेळापत्रकावर तेव्हा विसंबू नका. मध्ये दोन नव्हे, चार तास धरा. दशमीला जायचं टाळा, त्याआधी पोचा. आणि परत यायचं तर द्वादशीला मुळीच नाही. उपवास सोडून सगळी पंढरी स्टेशनकडे निघते. पौर्णिमेचा गोपाळकाला होऊ द्या, मग निघा. राहायची सोय आधी असेल तरच हे जमतं, ते खरं.

गर्दीत आपल्या माणसांनी कुठे भेटायचं हे उतरायच्या आत ठरवा. फोन लागत नाहीत. आम्ही नेहमी "स्टेशनच्या नावाच्या पिवळ्या पाटीखाली, पुण्याच्या बाजूच्या" असं ठरवतो. फलाटाच्या दोन्ही टोकांना पाट्या असतात, म्हणून बाजू सांगायची.

एका कार्तिकीला पहाटे आम्ही असेच पाटीखाली बसलो होतो. शेजारी लातूरकडची दिंडी उतरलेली. बायका तुळशीवृंदावनं मांडीत घेऊन पेंगत होत्या. एक वारकरी वीणा गळ्यात घेऊन उभा होता, पन्नाशीचा असेल, थंडीनं हात आखडलेले. मी म्हटलं, "माउली, बसा की." तो म्हणाला, "वीणा खाली ठेवत नाहीत, ताई. दुसरा आला की त्याच्या गळ्यात देणार आणि मग बसणार." दुसरा चहाला गेला होता. तो आला, दोघांनी एकमेकांच्या पाया पडून घेतलं, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, आणि पहिला माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला भाकरी दिली. आमच्या गाडीला अजून दीड तास होता.